डावात घातलेले पैसे कोणाचे? पॉट ऑड्सचं साधं गणित



मागच्या महिन्यात आपण पास्कलच्या पैजेवर बोललो होतो. देव आहे की नाही यावर पैज लावायची झाली, तर शहाण्या माणसाने कोणत्या बाजूने लावावी, असा तो विषय होता. व्याख्यान संपलं आणि जिन्यापाशी एका तरुण मुलाने मला गाठलं. म्हणाला, "सर, तुम्ही पैजेवर दीड तास बोललात, पण पॉट ऑड्सचं नावसुद्धा काढलं नाही." मी म्हटलं, ते काय असतं बाबा? त्याने तिथेच जिन्यात उभं राहून मोबाईलवर पत्त्याची पानं दाखवत मला दहा मिनिटं शिकवलं. घरी जाताना लक्षात आलं की मी ही गोष्ट तीस वर्षं वर्गात शिकवत आलो, फक्त तिचं हे नाव मला माहीत नव्हतं. म्हणून आजचा विषय त्या मुलाने दिलेला आहे. (हशा)

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. पैसे लावून खेळा असं सांगायला मी इथे उभा नाही. आपल्या राज्यात १८८७ सालापासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. तरीही पॉट ऑड्स समजून घ्यायला हवं असं मला वाटतं. का, ते शेवटी सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

आधी आपला मटका

पॉट म्हणजे काय? भांडं. पोकरमध्ये सगळ्यांनी लावलेले पैसे मधे टेबलावर जमा होतात, त्या ढिगाला पॉट म्हणतात. आपल्याकडे भांड्याला मटका म्हणतात, आणि मटका म्हटलं की सोलापूरच्या जुन्या माणसांना काही वेगळं सांगायला नको. मिलच्या भोंग्यावर ज्यांचं घड्याळ चालायचं त्या पिढीने हा खेळ जवळून पाहिला आहे. त्याचा उगमही कापसाशीच जोडलेला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला, काय बंद झाला, त्याच्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबलं. मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने ओळखले जाणारे मटके सुरू झाले. आकडे आधी चिठ्ठ्यांतून निघायचे, पुढे पत्त्यांतून.

त्यातला सगळ्यात साधा प्रकार घ्या. शून्य ते नऊ यातला एक आकडा सांगायचा. एक रुपया लावला आणि आकडा लागला तर साधारण नऊ रुपये मिळायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, नऊपट!

आता हिशेब करू. आकडे दहा. म्हणजे सरासरी दहा वेळा खेळलात तर एकदा लागणार. दहा वेळा खेळायला दहा रुपये गेले, एकदा नऊ रुपये आले. दर दहा रुपयांमागे एक रुपया गेला. तो आज जाईल की उद्या हे सांगता येत नाही, पण खेळत राहिलात तर जाणार हे नक्की.

यात दोन प्रश्न आहेत, ते वेगवेगळे ठेवा. पहिला, लागलं तर किती मिळणार? दुसरा, किती वेळा खेळल्यावर एकदा लागणार? मटका खेळणारा फक्त पहिला प्रश्न विचारतो. चालवणारा दोन्ही विचारतो. पॉट ऑड्स म्हणजे हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहणं, याहून जास्त काही नाही.

आता पोकर

पोकरचा सगळा खेळ आज शिकवत नाही. लागेल तेवढंच सांगतो. टेक्सास होल्डेम नावाच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात. आधी तीन एकदम, मग चौथं, मग पाचवं. स्वतःची दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून जो पाच पानांचा सर्वांत वरचा हात करेल तो जिंकला. दरम्यान प्रत्येक टप्प्यावर पैसे लावले जातात. समोरच्याने पैसे लावले की तुम्हाला तेवढेच भरून डावात राहता येतं, त्याला कॉल म्हणतात. किंवा पानं टाकून बाहेर पडता येतं.

समजा तुमच्या हातात बदामाची दोन पानं आहेत, एक्का आणि नव्वी. टेबलावर चार पानं उघडली आहेत, त्यातली दोन बदामाची. म्हणजे तुमची चार बदामं झाली. पाचवं पान बदामाचं आलं तर तुमचा हात फार वरचा होतो. नाही आलं तर हातात काही नाही. समोरच्याकडे जोड आहे असं धरून चालू.

पॉटमध्ये आधीचे ४०० रुपये आहेत. समोरचा आणखी १०० लावतो. पॉट झाला ५००. तुम्हाला राहायचं असेल तर १०० भरावे लागतील. भरायचे का?

पहिला प्रश्न: लागलं तर किती मिळणार? ५००. द्यायचे किती? १००. म्हणजे पाचास एक. याला पॉट ऑड्स म्हणतात.

दुसरा प्रश्न: किती वेळा लागणार? गठ्ठ्यात ५२ पानं. तुम्ही तुमची दोन आणि टेबलावरची चार, अशी सहा पाहिली. न पाहिलेली राहिली ४६. बदामाची पानं एकूण १३, त्यातली चार दिसली, नऊ उरली. ही नऊ तुमच्या कामाची, बाकीची ३७ बिनकामाची. म्हणजे ३७ ला ९, साधारण चारास एक. चार वेळा हरणार, एकदा जिंकणार.

आता शेजारी ठेवा. डाव तुम्हाला पाचास एक देतो आहे. तुम्हाला लागतात चारास एकपेक्षा थोडे जास्त. मिळतंय ते लागतंय त्याहून जास्त आहे, म्हणून १०० भरणं योग्य. खात्री करायची तर ४६ वेळा हाच डाव आला असं समजा. नऊ वेळा ५०० मिळाले, म्हणजे ४,५००. ३७ वेळा १०० गेले, म्हणजे ३,७००. उरले ८००.

आता फक्त एक गोष्ट बदलू. समोरच्याने १०० ऐवजी ४०० लावले. पॉट झाला ८००, तुम्हाला भरायचे ४००. पानं तीच, बदामं तीच, तुमची आशाही तीच. पण आता डाव देतो आहे दोनास एक, आणि तुम्हाला लागतात चारास एक. नऊ वेळा ८०० म्हणजे ७,२००. ३७ वेळा ४०० म्हणजे १४,८००. नुकसान ७,६०० रुपयांचं. पानं टाकायची आणि चहा प्यायचा.

(श्रोत्यांमधून: "पण सर, एवढी गुणाकार-भागाकार तिथे बसून कोण करणार?")

बरोबर आहे. त्यासाठी एक ठोकताळा आहे. एकच पान उघडायचं राहिलं असेल, तर कामाच्या पानांची दुप्पट करा, तेवढे टक्के शक्यता. नऊ दुणे अठरा. खरा आकडा साडेएकोणीसच्या आसपास आहे, म्हणजे चालतं. मग भरायची रक्कम भागिले तुमच्या रकमेसकट होणारा पूर्ण पॉट. पहिल्या उदाहरणात १०० भागिले ६००, म्हणजे सुमारे १७ टक्के. तुमची शक्यता त्याहून जास्त असेल तर भरा. दुसऱ्यात ४०० भागिले १,२००, म्हणजे ३३ टक्के. अठरा कुठे आणि तेहतीस कुठे!

दोन पानं राहिली असतील तर काही लोक चौपट करतात. नऊ चोक छत्तीस. तोही आकडा बरोबर आहे, पण तो वापरताना नवखे फसतात. दोन्ही पानं पाहायची तर मधे पुन्हा पैसे भरावे लागू शकतात, आणि ते हिशेबात धरलेले नसतात. छत्तीस टक्क्यांचा माल एका पानाच्या भावात मिळाला असं त्यांना वाटतं.

आणखी एक सावधगिरी. नऊच्या नऊ पानं खरोखर तुमच्या कामाची आहेत का? बदाम आलं, पण त्याच पानाने समोरच्याचा हात तुमच्याहून वर गेला तर? असं होऊ शकतं. म्हणून मोजताना जरा हात आखडता ठेवावा.

आपल्या तीन पत्तीत हे गणित असं चालत नाही, हेही लक्षात घ्या. तिथे तीन पानं एकदाच मिळतात, नवीन काही येत नाही. त्यामुळे शक्यता पुढच्या पानाची नसते, समोरच्याच्या हाताची असते. तरी पहिला प्रश्न तोच राहतो: चाल द्यायला किती लागतंय आणि मधे किती आहे?

मधले पैसे कोणाचे?

आता त्या मुलाने मला विचारलेल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तो म्हणाला, "सर, पॉटमधल्या त्या ४०० पैकी दोनशे माझेच आहेत ना? मग मी पानं टाकली तर माझे दोनशे बुडाले. ते वाचवायला शंभर भरायला नकोत का?"

हा प्रश्न फार चांगला आहे. याचं उत्तर असं की ते दोनशे तुमचे होते. ज्या क्षणी ते मधे सरकवले त्या क्षणी ते पॉटचे झाले. आता ते जिंकेल त्याचे. ते तुम्ही घातले की शेजाऱ्याने घातले, याने पुढचं पान बदलत नाही. हिशेबात पॉट पूर्ण धरायचा, पण 'माझे बुडालेले' अशी वेगळी ओळ लिहायची नाही.

गंमत म्हणजे संभाव्यतेचं शास्त्र ज्या प्रश्नातून उभं राहिलं तो प्रश्न हाच होता. १६५४ साली पास्कल आणि फेर्मा या दोघांत पत्रव्यवहार झाला. प्रश्न होता अर्धवट थांबलेल्या डावाचा. दोघांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या, मधे ६४ जमल्या. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळ्या. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबवावा लागला. मोहरा कशा वाटायच्या?

आपल्याला वाटतं, दोनास एक या प्रमाणात वाटा. पास्कल म्हणाला, झालेले डाव पाहू नका, पुढचा पाहा. पुढचा डाव पहिला जिंकला तर ६४ त्याच्या. हरला तर दोघे बरोबरीत, मग प्रत्येकी ३२. म्हणजे ३२ तर त्याला कसंही मिळतातच. उरलेल्या ३२ वर दोघांची संधी सारखी, म्हणून त्या निम्म्या. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. झालेल्या डावांचा उपयोग एवढाच की आपण आत्ता कुठे उभे आहोत ते कळतं. वाटणी ठरते ती पुढे काय काय होऊ शकतं त्यावर.

भावाचं बोअर

आता माझी चूक.

सांगोला तालुक्यात माझ्या थोरल्या भावाची शेती. २००३ चा दुष्काळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. डाळिंबाची बाग उभी होती आणि विहिरीत पाणी नव्हतं. दादाने बोअर मारलं, कोरडं गेलं. दुसरं मारलं, तेही कोरडं. बोअरला पन्नास हजार या हिशेबाने एक लाख मातीत गेले. पाणाड्याने तिसरी जागा दाखवली आणि दादाचा मला फोन आला. "काय करू? थांबू का?"

मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. पास्कल वर्गात शिकवणारा. मी काय म्हणालो? "दादा, एवढं घातलंयस, आता मागे फिरलास तर सगळंच वाया जाईल." वर तीस हजार रुपये पाठवले.

आज तुमच्यासमोर तो हिशेब मांडतो. पाणी लागून बाग वाचली तर दोन लाखांचा फायदा, त्यातून बोअरचे पन्नास हजार वजा केले तर दीड लाख. पन्नास हजारांवर दीड लाख, म्हणजे तीनास एक. आणि शक्यता? आमच्या त्या माळावर तोवर झालेली बोअर दादाने बोटांवर मोजून सांगितली असती. दहांत दोन लागली होती. म्हणजे चारास एक हवेत आणि मिळतात तीनास एक. पाच वेळा हाच डाव आला असता तर चारदा पन्नास, म्हणजे दोन लाख गेले असते, आणि एकदा दीड लाख आले असते. आधीचं एक लाख या हिशेबात कुठेच येत नाही. मी मात्र सल्ला फक्त त्याच एका लाखाकडे बघून दिला.

तिसऱ्या बोअरला अडीच इंची पाणी लागलं.

(टाळ्या)

नाही, टाळ्या वाजवू नका. गावानेही हेच केलं होतं. दादाचं धाडस, प्राध्यापकांचा सल्ला, सगळीकडे कौतुक. मीही ते घेतलं. पुढच्या वर्षी आमच्या बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याने तेच केलं. त्याने मला विचारलं नव्हतं. विचारायची गरजच काय होती, उदाहरण समोर होतं. दोन कोरडी गेल्यावर तो थांबला नाही, कारण माझा भाऊ थांबला नव्हता. चार बोअर झाली, चारही कोरडी. दोन एकर जमीन विकली. आज त्याचा मुलगा पुण्यात वॉचमन आहे.

बारापैकी कोणाचं काय झालं हे आपण निकालावरून ठरवतो. जिंकला तो शहाणा, हरला तो मूर्ख. पण वाईट निर्णयाचा निकाल कधी कधी चांगला येतो, आणि तो चांगला निकाल इतरांना फसवतो. दादाला नशिबाने साथ दिली, मी त्याला शहाणपण म्हटलं. उलटही होतं. पाचास एकच्या भावाने शंभर भरून तुम्ही हरलात तर तुमचं काही चुकलं नाही. तसं पाचातून चारदा होणारच होतं.

हिशेब बरोबर असला तरी

शेवटी या गणिताची मर्यादा. हिशेब तुमच्या बाजूने असेल तर दर वेळी भरावं का? १७३८ साली डॅनियल बर्नूली या गणितज्ञाने एक उदाहरण दिलं होतं. एका गरीब माणसाला लॉटरीचं तिकीट सापडलं. निम्मी शक्यता वीस हजार मोहरांची, निम्मी शून्याची. सरासरीने तिकिटाची किंमत दहा हजार. कोणी नऊ हजार देऊन ते मागितलं तर त्याने विकावं का? बर्नूली म्हणतो, विकण्यात काही चूक नाही. श्रीमंताने मात्र ते नऊ हजाराला घ्यावं. हिशेब एकच, खिसे दोन.

पॉट ऑड्सच्या गणितात 'पुढच्या वेळी' हा शब्द लपलेला आहे. सेहेचाळीस वेळा खेळलो तर, असं आपण म्हटलं. पण ज्याच्याकडे एकाच डावापुरते पैसे आहेत, त्याला ४६ वेळा खेळायला मिळत नाही. जमीन विकून लावलेल्या डावाला पुढची वेळ नसते. म्हणून तिसरा प्रश्न असा: हे गेलं तर मी उद्या उभा राहू शकतो का? उत्तर नाही आलं, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही चांगली असू देत, पानं टाका.

आणि जिथे दर डावातून चालवणारा आपला वाटा कापून घेतो, तिथे सहा जण हजार-हजार घेऊन बसले तर रात्रीअखेर सहाजणांचे मिळून सहा हजार राहत नाहीत. त्यातला एखादा जिंकतो, तो सगळ्यांना दिसतो. आमच्या बांधावरच्या अडीच इंची पाण्यासारखा.

महाभारतातलं नलोपाख्यान आठवा. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. ऋतुपर्णाने वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता सांगितली. नलाने रथ थांबवला आणि खाली उतरून ती मोजून पाहिली. मग ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं रहस्य, शिकवलं. ते कळल्यावर नलाच्या अंगातला कली बाहेर पडला, असं कथा सांगते. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. ज्याने त्याला बुडवलं, तेच फळ त्याने झाडाखाली उभं राहून मोजलं.

जिन्यातल्या त्या मुलाला मी नंतर विचारलं, तुझे किती गेले? तो गप्प बसला. मग म्हणाला, "सर, वडिलांना अजून सांगितलं नाही." मी म्हटलं, जे गेले ते पॉटचे झाले. ते परत आणायला अजून एक रुपया घालू नकोस. आणि आज रात्री वडिलांना सांग. त्याने सांगितलं की नाही मला माहीत नाही. तो आज इथे आला असेल तर व्याख्यानानंतर जिन्यापाशी मी थांबणार आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.